देवाची वकिली

औसा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात, देवघराच्या वर, विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीमागे कुंभारणीनं घर केलं होतं. कुंभारीण म्हणजे ती काळी-पिवळी, दोऱ्यासारख्या कमरेची माशी. तोंडात ओल्या मातीची गोळी आणते, भिंतीला लावते, परत जाते, परत येते. बघता बघता सुपारीएवढं मडकं तयार. मी सहावी-सातवीत असेन. काडी घेऊन फोडायला गेलो तर आजी चुलीपासून ओरडली, "मोडू नको रे, बाळंतीण हाय ती." कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, असं आमच्याकडच्या बायका मानत.

आजी गिरणीवर गेली आणि मी ते फोडलंच. आत पाच हिरव्या अळ्या गच्च कोंबलेल्या. वरच्या बाजूला केसाएवढ्या धाग्यानं लोंबणारं एक पांढुरकं अंडं. अळ्या मेल्यात असं वाटलं म्हणून एकीला काडी लावली, तर तिनं तोंड हलवलं. बाकी अंग ढिम्म.

तिथं काय चाललं होतं ते पुढं परभणीला कृषी विद्यापीठात शिकताना कळलं. कुंभारीण अळीला डंख मारते तो जीव घ्यायला नव्हे, लुळं करायला. मेलेली अळी सडून जाईल, आणि अंड्यातून निघणाऱ्या पिलाला तर पुढचे कितीतरी दिवस ताजं खाणं पाहिजे. म्हणून अळी जिवंत ठेवायची, फक्त हलू द्यायची नाही. पिलू तिला खात मोठं होतं. आजी म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. ती बाळंतीणच होती. तिच्या बाळंतपणाची बेगमी तेवढी जिवंत होती.

मी माळकऱ्यांच्या घरात वाढलो. माझ्या गळ्यात माळ नाही, पण आषाढीचा उपास मी आजही धरतो आणि तसबिरीला हात जोडतो. तो हात जोडताना तसबिरीमागचं मडकं डोळ्यांसमोरून जात नाही. हे जग कुणी दयाळू माणसानं, म्हणजे देवानं, विचार करून घडवलं असेल तर ते मडकंही त्यानंच घडवलं. तिथं एवढी बारीक अक्कल लावलेली दिसते की चुकून झालं असंही म्हणता येत नाही.

हाच पेच 1860 साली डार्विनला पडला होता. 22 मे 1860 रोजी त्यानं अमेरिकेतल्या आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं इक्न्यूमॉनिडी कुळातल्या माश्या मुद्दाम अशा घडवल्या असतील, की त्यांनी जिवंत अळीच्या अंगात राहून तिला खावं, हे मला पटवून घेता येत नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं आहे. डार्विन हे मिरवत नव्हता. नऊ वर्षांपूर्वी त्याची दहा वर्षांची मुलगी आजारपणात गेली होती. त्याच पत्रात तो आपण गोंधळलेलो आहोत, हा विषय माणसाच्या बुद्धीला झेपणारा नाही, असंही कबूल करतो. त्या कुळातली एक माशी आपल्या हरभऱ्यात असते, नाव कॅम्पोलेटिस. हरभऱ्याचे घाटे, म्हणजे शेंगा, पोखरणारी घाटेअळी लहान असतानाच ही माशी तिच्या अंगात अंडं घालते. पिलू आतून अळीला पोखरतं, बाहेर पडतं आणि तिच्या वाळक्या कातड्याशेजारीच कोष विणतं. थंडीत सकाळी हरभऱ्याच्या फांद्या उलट्या करून पाहिल्या तर दिसतं.

पण डार्विनच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी आमच्या पैठणच्या नाथांनी याच जातीच्या किड्यावर लिहून ठेवलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, अजगर, पिंगला वेश्या, कोळी, आणि शेवटचा चोविसावा गुरू म्हणजे ही मातीचं घर करणारी माशी. एकनाथांनी या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती 1573 साली काशीत पुरी झाली, आणि आमच्याकडे गावोगाव तिची पारायणं होतात. दृष्टांत असा: माशी अळीला आणून घरात कोंडते, अळी भयानं माशीचंच ध्यान करत राहते, आणि ध्यान करता करता स्वतःच माशी होऊन उडून जाते. जिवानं देवाचं ध्यान असं करावं. कीर्तनात हा दृष्टांत मी किती वेळा ऐकला असेल याला गणती नाही, आणि दर वेळी समोरची माणसं माना डोलावतात.

यात पाहणी चोख आहे. आत अळी गेली, बाहेर माशी आली, मधलं कुणी पाहिलं नाही. मडकं फोडून बघायची वात्रट खोड लागते, ती माझ्यासारख्या पोराला असते, संताला नसते. तेव्हा प्राणिशास्त्र चुकलं म्हणून नाथांची चूक काढण्यात मला रस नाही. मला टोचतं ते वेगळं. एका जिवाचं खाल्लं जाणं त्या दृष्टांतात मोक्ष होऊन येतं. इतकं सुंदर, की खाल्ली गेलेली अळी शिल्लकच राहत नाही, तिच्या बाजूनं विचारायला कुणी उरत नाही.

निसर्गातल्या क्रौर्याची जेवढी धार्मिक स्पष्टीकरणं मी ऐकली, त्या सगळ्यांत हेच होतं. आपण देवाला सोडवायला जातो आणि सोसणाऱ्याला गायब करून येतो.

आमचे पूर्वज या प्रश्नाला बगल देणारे नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. वेदान्ताचा पाया मानलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, जग ही केवळ लीला आहे असं एक सूत्र आहे. त्याच्या पुढचंच सूत्र 'वैषम्यनैर्घृण्ये न' असं सुरू होतं: देवावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा दोष येत नाही. म्हणजे लीला हा शब्द उच्चारताच, मग हा निर्दय खेळ झाला, अशी हरकत कुणीतरी घेतली होती, आणि सूत्रकाराला ती टाळता आली नाही. उत्तर त्यानं दिलं ते कर्माचं. देव ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे देतो. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाचा दाखला जोडला: पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, बी ज्याचं जसं तसं उगवतं.

हे उत्तर कागदावर पक्कं आहे. मी ते किल्लारीनंतर ऐकलं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून, रात्री उशिरा माणसं झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी दहावीत होतो. आमच्या घराच्या माळवदाची माती अंगावर पडली, भिंतीला तडा गेला, एवढंच. किल्लारीच्या बाजूला मात्र गावंच्या गावं राहिली नाहीत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात माझ्या आत्याचा नातू होता, सात महिन्यांचा. झोळी भिंतीला लागून बांधलेली होती. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांपैकी एका जाणत्या माणसानं आत्याला समजावलं, "ताई, ज्याचं त्याचं संचित असतं." तो वाईट माणूस नव्हता. सांत्वनच करत होता. आत्या त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं पदर तोंडावर ओढला तो सगळे उठून जाईपर्यंत काढला नाही.

सात महिन्यांच्या लेकराचं संचित कशाचं, तर मागच्या जन्माचं. ठीक. पण मागचा जन्म ही अशी साक्ष आहे की जिची उलटतपासणी कधीच होत नाही. आणि एकदा का हे चालवून घेतलं की काहीही चालतं. कुणी गावकुसाबाहेर का, कुणी विहिरीवर का चढायचं नाही, याचं उत्तरही शेकडो वर्षं हेच दिलं गेलं. मराठवाड्यात ज्यांनी ते सोसलं त्यांना कर्माच्या हिशेबाची किंमत पुस्तकातून शिकावी लागली नाही. जनावरांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी विचित्र होते. परंपरा म्हणते पशूचा जन्म भोगयोनीचा. त्याला नवं पाप-पुण्य लागत नाही, जुनं फेडायचं फक्त. म्हणजे ज्याला चूक काय ते कळत नाही त्याला शिक्षा द्यायची, आणि शिक्षा कशाची तेही कळू द्यायचं नाही.

अळीला वेदना कळते का, हा वाद कुणाला घालायचा असेल तर घाला. बैलाला कळते. 2022 साली लंपी आला तेव्हा आमच्या दावणीला एक देवणी खोंड होता, अडीच वर्षांचा. आधी ताप, मग अंगभर गाठी, मग पायाला सूज. पुढच्या पायावरची एक गाठ फुटली, माशी बसली, आणि दोन दिवसांत जखमेत किडे पडले. ज्यांनी जनावर पाळलं आहे त्यांना हे सांगायला नको. टर्पेंटाईनचा बोळा घातला की किडे वर येतात, चिमट्यानं एकेक काढायचे. मी काढत होतो, भाऊ वेसण धरून होता. खोंड एकदाच डुरकला, नंतर नुसता थरथरत उभा राहिला. चौथ्या दिवशी बसला तो उठला नाही. रोगाचा विषाणू माश्या, डास, गोचीड यांच्यावाटे जातो. गोठ्यात गोचीड होती, ही आमची चूक. पण वेशीत मात्र चर्चा होती की यांनी यंदा पोळ्याला काहीतरी कमी केलं असणार.

परीक्षा बघतो देव, असंही म्हणतात. कुणाची? खोंडाची तर नव्हे. माझी परीक्षा घ्यायला खोंडाला किडे पाडणारा मास्तर मला नको.

आता शिकलेली माणसं, विशेषतः माझ्यासारखी शेतीशास्त्र शिकलेली, यातून वेगळी वाट काढतात. ती म्हणजे समतोल. माशी अळीला खाते म्हणून घाटे राहतात. सगळं एकमेकांत गुंफलेलं आहे, त्यात क्रौर्य शोधू नये. यातलं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मोठं आहे. आपण जिला काळी आई म्हणतो ती माती ज्या काळ्या दगडाची झाली तो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहत आलेला लाव्हा आहे. डायनोसॉर संपले तोही काळ तोच. मृगाच्या तोंडावर पावशा 'पेरते व्हा' म्हणून ओरडतो, आपण आभाळाकडे बघतो, आपल्याला गहिवर येतो. तो पावशा आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो आणि त्याचं पोर सातभाई वाढवतात. चांगलं आणि वाईट एकाच मुळावर आलेलं आहे, एक उपटलं तर दुसरं येतंच हातात. मान्य.

पण जग कसं चालतं हे सांगितलं म्हणजे ते तसं चालवणाऱ्याची सुटका होत नाही. समतोल हा शब्द देव न मानणाऱ्यानं वापरला तर त्यात गैर काही नाही. त्याच्या लेखी कुणी ठरवलेलंच नाही. ज्या माश्यांची पिलं जगली त्यांच्या सवयी उरल्या, एवढंच. देव मानणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही. त्याला सांगावं लागतं की ज्याच्या हातात सगळं होतं त्याला जिवंत अळीवाचून दुसरा शिधा सुचला नाही का. सुचला नसेल तर तो सर्वज्ञ नाही, सुचून जमला नसेल तर सर्वशक्तिमान नाही, आणि सुचून, जमत असूनही केला नसेल तर दयाळू नाही. तीनपैकी एक सोडावंच लागतं.

हे सगळं ओळखून देवाचा प्रश्नच बाजूला ठेवणारी माणसंही याच मातीतली, हे आपण विसरतो. वेरूळला एकाच डोंगरात पहिली बारा लेणी बौद्धांची, तेरा ते एकोणतीस हिंदूंची, तीस ते चौतीस जैनांची. त्या तिघांपैकी दोघांचा जग घडवणाऱ्या ईश्वरावर विश्वास नव्हता. सहली कैलासासमोर फोटो काढून परततात, आणि आपले गाइड हे क्वचितच सांगतात. सिद्धार्थाची एक गोष्ट आहे: नांगरटीच्या सोहळ्याला नेलेल्या राजपुत्रानं फाळानं उलटलेले किडे पाहिले, ते टिपणारे पक्षी पाहिले, आणि तो जांभळीखाली जाऊन बसला. आमच्या रानात आज रोटाव्हेटरच्या मागं बगळ्यांची रांग चालते तेव्हा तेच चाललेलं असतं. आपल्याला ते चित्र सुंदर दिसतं, कॅलेंडरवर छापण्याजोगं. बगळे पांढरे असतात ना.

मग मी उपास का धरतो? माझा एक मित्र आहे, पक्का विवेकवादी, तो हे दर आषाढीला विचारतो. माझं म्हणणं असं की तीनपैकी सर्वशक्तिमान हा शब्द सोडावा. जगाचा ठेकेदार, ज्यानं प्रत्येक मडक्याचा नकाशा काढला, असा देव मला मानता येत नाही आणि मानावासाही वाटत नाही. आजीचा देव तसा नव्हता. पोथीत तो जगाचा कर्ता आहेच, मी नाकारत नाही. पण रोजच्या वापरात तो विटेवर उभा असलेला, कमरेवर हात ठेवलेला सोबती होता. ज्याला सांगायचं, ज्याच्यावर रुसायचं, ज्याला प्रसंगी शिव्या घालायच्या. गंगाखेडची जनाबाई त्याला 'अरे विठ्या' म्हणते आणि पुढं कारट्या म्हणते. नरसीचा नामदेव त्याच्याशी भांडतो. ही माणसं देवाच्या वतीनं बोलत नाहीत, त्याच्या पुढ्यात बोलतात. ती फिर्याद घेऊन उभी आहेत. वकिली आपण करतो, आपण म्हणजे त्यांच्या मागून आलेले, प्रवचनं ऐकून शहाणे झालेले.

आणि नाथांचंच बघा. ज्यांनी अळीच्या मरणाचा दृष्टांत केला, त्यांच्याच चरित्रात सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग आहे: काशीहून आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली. त्या वेळी त्यांनी गाढवाचं संचित विचारलं नाही. लिहिणारे नाथ आणि कावड ओतणारे नाथ यांत मला निवडायचं असेल तर मी कावडीच्या बाजूनं आहे.

मित्र म्हणतो, हे देवाला पेन्शनवर बसवल्यासारखं झालं; अधिकार सगळे काढून घेतले, मान तेवढा ठेवला. त्याचं हे वाक्य मला अजून टोचतं आणि त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. पण वकिली सोडल्यानं एक गोष्ट होते, आणि ती नुसत्या पारमार्थिक कामाची नाही. मराठीत आपण संकटाचे दोन भाग करतो, अस्मानी आणि सुलतानी. देवाची बाजू मांडायची सवय लागली की सुलतानीतलं बरंच अस्मानीच्या खात्यावर जातं. किल्लारीचा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता; दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर हातभर मातीचं माळवद, यांनी माणसं मारली. नंतर 2002 मध्ये नकाशा बदलला, तो पट्टाच रद्द झाला. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पाऊस कमी पडला हे अस्मानी. मांजरेच्या खोऱ्यात उसाला किती पाणी गेलं, हे अस्मानी कसं? आत्याच्या दहाव्याला संचिताची गोष्ट निघाली, भिंतीची निघाली नाही. ती निघाली असती तर आत्याचं दुःख कमी झालं नसतं, पण शेजारच्या गावात कुणीतरी झोळी भिंतीपासून लांब बांधली असती.

राहता राहिली माझी स्वतःची गोष्ट. मी कापसाला ट्रायकोकार्ड लावतो. पोस्टकार्डासारखा कागद असतो, त्यावर वीसेक हजार बारीक अंडी चिकटवलेली. अंडी पतंगाची, पण आत ट्रायकोग्रामा नावाच्या माशीची पिलं ती अंडी खात असतात. रेघांवर कापून तुकडे करायचे आणि संध्याकाळच्या वेळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायचे. माश्या निघतात आणि बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. औषधाची फवारणी वाचते, फवारताना माणसं मरतात ती वाचतात. म्हणजे जे क्रौर्य मी देवाला माफ करत नाही त्याचा मी पैसे देऊन कार्डावर पुरवठा मागवतो.

गेल्या हंगामात कार्डं टाचत होतो तेव्हा आई बांधावर बसली होती. तिनं एक तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला, बोट फिरवलं.

"काय हाय ह्यात?"

"माश्या. अळी मारायच्या."

"अळी मरते म्हणजे कशी?"

मी सांगितलं. अंड्यातच खातात, आतून. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तुकडा माझ्या हातात देत म्हणाली, "लाव. पर तिथं देवाचं नाव नको घेऊ."

स्टेपलरच्या पिना संपल्या होत्या. उरलेले तुकडे मी बाभळीच्या काट्यांनी टाचले.